‘त्याला काही त्रास झाला नाही’

पत्राचा सारांश (नाव, पलटण, प्रदेश आणि वर्षं पत्रलेखकाच्या विनंतीवरून गाळली आहेत):

पत्रलेखक पायदळातून निवृत्त झालेले सैनिक आहेत. 6 वर्षं खपून त्यांनी एक कादंबरी लिहिली आहे. तिचा गाभा म्हणजे गस्तीची एक रात्र. त्या रात्री वायरलेसवरचा एक निरोप चुकीचा ऐकला गेला, तुकडी भलत्याच वाटेला लागली आणि गोळीबारात सापडली. पत्रलेखकांचा सर्वांत जवळचा सोबती जखमी झाला. उजाडेपर्यंत मदत पोचणार नव्हती आणि तो पहाटेच्या आधी गेला. पत्रलेखक रात्रभर त्याच्याजवळ होते. पुढे त्याच्या घरी गेल्यावर त्याच्या आईनं विचारलं, तेव्हा ते म्हणाले, “जागीच गेला, काकू. त्याला काही त्रास झाला नाही.” या गोष्टीला 12 वर्षं झाली. सोबत्याची धाकटी बहीण त्यांना दादा म्हणते आणि पुस्तक कधी येणार म्हणून सारखं विचारते.

कादंबरीत ती रात्र मिनिटामिनिटाच्या हिशोबानं आली आहे. प्रकाशनाच्या संपादकांना तेच प्रकरण सर्वांत आवडलं, बाकीचं जड वाटलं. एक जुना सहकारी म्हणतो, “घरचं घरात ठेव.” दुसरा म्हणतो, “एक अक्षर जरी बदललंस तरी ते खोटं.” पत्रलेखक विचारतात, “प्रकरण काढलं तर पुस्तक खोटं पडतं. ठेवलं तर मी 12 वर्षं खोटं बोलत होतो, हे त्या माउलीला छापील पानावरून कळणार. जे घडलं ते बदलायचा मला हक्क आहे का? आणि जे तिथं नव्हतेच त्यांना यातलं काय कळणार?” सोबत त्या प्रकरणाची 5 पानं आहेत. शेवटी, जाता जाता लिहावं तसं, एक वाक्य आहे: हे प्रकरण लिहून झाल्यापासून रात्री दीडच्या सुमाराला जाग येते आणि मग झोप लागत नाही.

नमस्कार,

तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि पानं तीनदा. आधी एक सांगते. मी युद्ध पाहिलेलं नाही. माझी उमेदीची वर्षं लोकांची हस्तलिखितं वाचण्यात आणि त्यांच्याशी त्यावरून वाद घालण्यात गेली. त्यामुळे त्या रात्रीबद्दल तुम्हाला सांगण्यासारखं माझ्याजवळ काही नाही. पानांबद्दल आहे, आणि त्या आईला तुम्ही सांगितलेल्या वाक्याबद्दलही थोडं आहे.

प्रकरण ठेवू की काढू, असा एकच प्रश्न तुम्ही विचारलाय. मला त्यात दोन प्रश्न एकमेकांत अडकलेले दिसतात. एक कादंबरीचा आहे. दुसरा तुमच्या आणि एका घराच्या नात्याचा आहे, आणि तुम्ही आयुष्यात एक ओळही लिहिली नसती तरी तो होताच. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर कादंबरीनं परस्पर देऊन टाकावं, अशी तुमची मनातून इच्छा आहे का? पानं वाचताना मला तसं वाटत राहिलं. तुम्हाला जे काकूंसमोर बसून बोलता आलं नाही ते तुम्ही हजार अनोळखी वाचकांना सांगताय, आणि त्या हजारांत काकूही असतील या भीतीनं हात आखडताय.

आधी त्या वाक्याबद्दल. पहिल्या महायुद्धात मेलेल्या सैनिकाच्या घरी त्याच्या अधिकाऱ्यानं पत्र लिहिण्याची रीत होती. त्या पत्रांत ‘मृत्यू तत्क्षणी आला, वेदना झाल्या नाहीत’ हे वाक्य इतक्या वेळा येतं, की इतिहासाचे अभ्यासक त्यावर सहसा विसंबून राहत नाहीत. ते लिहिणारे पुष्कळदा विशीतलेच असत. समोरच्या घराला रात्री डोळे मिटता यावेत एवढंच त्यांना हवं होतं. तुम्हीही तेवढंच केलंत. त्याला ‘फसवणूक’ हा शब्द तुम्ही पत्रात 4 वेळा वापरलाय आणि तो मला मान्य नाही. दारात उभ्या असलेल्या आईला त्या क्षणी दुसरं काय सांगता आलं असतं, हे मला तरी सुचत नाही.

पण क्षणापुरतं दिलेलं वाक्य 12 वर्षं सांभाळावं लागलं, की ते जड होतं. आता ते तुम्हाला पेलवत नाही आणि त्याचं ओझं कादंबरीवर येतंय.

शिवाय तुम्ही एक गोष्ट गृहीत धरली आहे: काकूंना काही माहीत नाही. तुम्हाला याची खात्री आहे? मृत्यूची वेळ कुठल्यातरी कागदावर असते. रात्री शत्रूशी कधी गाठ पडली हे कुणीतरी, कधीतरी, सहज बोलून गेलेलं असतं. तुमच्या तुकडीतले इतरही त्या घरी गेले असतील. घरची माणसं असे तुकडे वर्षानुवर्षं जुळवत बसतात. काकूंना सगळं कळलेलं असेलच असं मी म्हणत नाही. पण ‘मला माहीत आहे हे त्या पोराला कळू नये’ म्हणून त्या गप्प असण्याची शक्यता तुम्ही एकदाही विचारात घेतलेली नाही.

आता कादंबरीकडे येते. ‘एक अक्षर जरी बदललंस तरी ते खोटं’ म्हणणाऱ्या तुमच्या मित्राबद्दल मला आदर आहे, कारण तो गेलेल्याची बाजू घेतोय. पण तुमच्याच पत्रात ओघात आलंय, की गोळीबार तुमच्या आठवणीत 20 मिनिटं चालला आणि त्याच्या आठवणीत जेमतेम 5. तुम्ही दोघं एकाच खाचेत आडवे पडला होतात. मग कादंबरीत कुणाची मिनिटं आली आहेत? जिवावर बेतलेल्या क्षणी वेळ ताणली जाते, आवाज विरून जातात, नजर एका चिंचोळ्या तुकड्यावर खिळते. चकमकीतून वाचलेली माणसं हे पुन्हा पुन्हा सांगतात. तुमच्याही दुसऱ्या पानावर ‘आवाज बंद झाला, फक्त त्याच्या बुटाची नाडी दिसत होती’ असं आहे. नंतर 12 वर्षं तुम्ही ती रात्र मनात हजारदा उलगडलीत, आणि प्रत्येक वेळी ती थोडी नव्यानं रचली गेली. ‘मिनिटामिनिटाचा हिशोब’ जो तुम्ही लिहिलाय तो प्रामाणिक आहे यात मला तिळमात्र शंका नाही. पण तो आधीच एक रचना आहे. बदलायचा हक्क तुम्ही मागताय, तो स्मृतीनं तुम्हाला न विचारता केव्हाच वापरलाय.

वास्तववादी युद्धकथा म्हणजे घडलेल्याची नक्कल, ही समजूत माजी सैनिकांमध्येच जास्त घट्ट दिसते. त्याचं कारण मी समजू शकते: बाहेरच्यांनी लिहिलेल्या खोट्या शौर्यकथा वाचून तुमचं डोकं फिरलेलं असतं. पण ज्यांनी स्वतः युद्ध भोगून लिहिलं, त्यांनी नेमकं काय केलं ते बघा. टॉलस्टॉय 1854-55 मध्ये क्रिमियातल्या सेवास्तोपोलच्या वेढ्यात तोफखान्याचा अधिकारी होता. त्यानं तिथून लिहून पाठवलेली शब्दचित्रं आजही अंगावर येतात. पण त्याच्या सर्वांत मोठ्या कादंबरीतली, ‘वॉर अँड पीस’मधली लढाई आहे ती 1812 ची, नेपोलियनविरुद्धची, बोरोदिनोची. तेव्हा त्याचा जन्मही झालेला नव्हता. तो जन्मला 1828 मध्ये. रणभूमी कशी आहे ते पाहायला तो 1867 मध्ये तिथं जाऊन आला, नकाशे काढले. मात्र त्या लढाईचा जीव त्यानं आणला तो स्वतःच्या अनुभवातून: वरून आलेला हुकूम पोचेपर्यंत परिस्थिती बदललेली असते, कोण कुठं आहे हे कुणालाच ठाऊक नसतं, आणि तरीही प्रत्येक जण सगळं नीट चाललंय असं समजून आपापलं काम करत राहतो. ज्या चुकलेल्या निरोपावरून तुमची तुकडी भलतीकडे गेली, तीच ही गोष्ट. त्याला ती सांगायला सेवास्तोपोलची तारीख, वार आणि माणसं जशीच्या तशी लागली नाहीत.

तुमचा दुसरा आग्रह आहे, की जे तिथं नव्हते त्यांना काय कळणार. इथं मी थोडी कडक होणार आहे. अमेरिकन कादंबरीकार स्टीफन क्रेन 1871 मध्ये जन्मला, म्हणजे अमेरिकन यादवी युद्ध संपल्यावर 6 वर्षांनी. त्या युद्धातल्या एका कोवळ्या शिपायाच्या भीतीवर त्यानं लिहिलेली कादंबरी 1895 मध्ये पुस्तकरूपानं आली, तेव्हा लढून आलेल्या अनेकांना वाटलं, हा आपल्यातलाच कुणीतरी असणार. त्यानं जुन्या सैनिकांच्या आठवणी वाचल्या होत्या, आणि पळून जावंसं वाटणं म्हणजे काय हे त्याला माणूस म्हणून ठाऊक होतं. जर्मन कादंबरीकार रेमार्कचं उदाहरण वेगळं आहे. पहिल्या महायुद्धात, 1917 च्या उन्हाळ्यात तो पश्चिम आघाडीवर गेला आणि जुलै संपता संपता जखमी होऊन इस्पितळात दाखल झाला. आघाडीवर होता तो काही आठवडेच. 1929 मध्ये त्याचं ‘ऑल क्वाएट ऑन द वेस्टर्न फ्रंट’ हे पुस्तक आलं आणि प्रचंड वाचलं गेलं, तेव्हा त्याच्या विरोधकांनी नेमका हाच मुद्दा काढला: हा किती दिवस लढला? पण खंदकांच्या दोन्ही बाजूंना राहिलेल्या माणसांनी स्वतःला त्या पानांत ओळखलं होतं. तुम्ही तिथं होतात हा तुमचा ठेवा आहे, पण तेवढ्यानं प्रकरण उभं राहत नाही. ते दर ओळीला पुन्हा कमवावं लागतं, आणि तेही अशा वाचकाकडून, ज्यानं आयुष्यात बंदूक हातात धरलेली नाही. ‘त्यांना कळणार नाही’ असं मनात धरून लिहिलं की लेखक नकळत समजावणं सोडून देतो. तुमच्या पानांत हे झालंय.

पहिल्याच पानावर 11 आद्याक्षरी संज्ञा आहेत. मी मोजल्या. शस्त्राचं नाव, त्याचा क्रमांक, मॅगझिनची क्षमता, वायरलेस संचाचा प्रकार, सगळं बिनचूक असणार. संपादकांना जे ‘जड’ वाटलं ते हेच असावं. गंमत अशी, की त्याच पानावर अर्ध्या ओळीत तुम्ही लिहून गेलात: ‘आधी कानाशी चाबूक फुटला, मग टेकडीपलीकडून दबका ठोका आला.’ हे फक्त तुम्हीच लिहू शकता. रायफलची गोळी आवाजापेक्षा वेगानं येते, म्हणून तिचा स्वतःचा कडाका आधी ऐकू येतो आणि बंदुकीचा आवाज मागाहून. या दोन आवाजांमधल्या अंतरावरून जाणता सैनिक मारणारा किती लांब आहे याचा अंदाज बांधतो. त्या अर्ध्या ओळीचा एक परिच्छेद करा. तुमचा नायक तो ठोका येईपर्यंत मनात काय मोजतो ते दाखवा. मग त्या बंदुकीचं नाव आलं काय आणि न आलं काय.

तसंच वजनाचं. पायदळातला माणूस 30-40 किलो पाठीवर घेऊन चालतो, हे तुम्ही एका वाक्यात आकड्यासकट सांगून मोकळे झालात. पण तासाभरानंतर त्या वजनाचं काय होतं? खांदे बधिर होतात, बोटांना मुंग्या येतात, आणि पुढच्याच्या टाचेखेरीज जग उरत नाही. निरोप चुकीचा का ऐकला गेला, याचं खरं उत्तर कदाचित त्या थकव्यात असेल. तिथं बेफिकीर कुणीच नव्हतं. सगळे दमलेले होते. हे जर वाचकाच्या खांद्यावर आलं, तर ती चूक कुणा एका माणसाच्या माथी मारायची गरजच उरत नाही, आणि ‘घरचं घरात ठेव’ म्हणणाऱ्या तुमच्या सहकाऱ्याला खुपतंय तेही बरंचसं निवतं. निरोप ज्यानं चुकीचा ऐकला तो माणूस आज जिवंत असेल, तर तो ओळखू येईल अशी एकही खूण ठेवू नका. वकिलाची भीती हे एक कारण झालंच. पण तोही त्या रात्रीचं काहीतरी उराशी घेऊन जगतोय, हे जास्त महत्त्वाचं आहे.

वाट पाहणं हाही भाग तुम्ही घाईनं उरकलाय. गस्तीआधीचे 3 दिवस तुम्ही ‘काही घडलं नाही’ म्हणून गाळलेत. युद्धाचा बहुतेक काळ काही घडत नाही, हे वाचकाला ठाऊक नसतं. त्याला वाटतं सारखी धुमश्चक्री चालू असते. ते 3 दिवस लिहा. ओले मोजे, पुन्हा पुन्हा तेल दिलेली बंदूक, त्याच त्या चार विनोदांना येणारं हसू. सोबत्याचा मृत्यू वाचकाला लागायचा असेल तर त्याआधी त्याचा सहवास मिळायला हवा. आत्ता तो येतो आणि लगेच जखमी होतो.

मग हक्काचं काय? माझं मत असं आहे. आत्मकथन आणि कादंबरी यांचे वाचकाशी होणारे करार वेगळे असतात. आत्मकथन म्हणतं, हे घडलं. कादंबरी म्हणते, हे असं असतं. व्हिएतनाममध्ये लढलेल्या टिम ओब्रायननं दोन्ही केलं: 1973 मध्ये आठवणींचं पुस्तक, आणि 1990 मध्ये कथांचं. त्या कथांत निवेदकाला त्यानं स्वतःचंच नाव दिलं, तरी पुस्तक कल्पित असल्याचं उघड सांगितलं. एकच मृत्यू तिथं वेगवेगळ्या रीतींनी परत परत येतो, कारण एका सांगण्यात तो मावत नाही. तुमच्या मित्राचं ‘एक अक्षर बदलायचं नाही’ हे मान्य करायचं असेल, तर आत्मकथन लिहा. पण मग त्या घराची परवानगी अधिकच गरजेची होते. कादंबरी लिहायची असेल तर बदलण्याचा तुम्हाला नुसता हक्क नाही, ते तुमचं कामच आहे.

आणि बदल वरवरचा चालणार नाही. नाव, गाव आणि मिशी बदलून घरच्यांपासून काही लपत नाही. आई मुलाला ओळखते ती तो नाडी कशी बांधतो त्यावरून. म्हणून एक जुनी वही घ्या आणि दोन रकाने करा. एकात जे निव्वळ त्याचं आहे ते: त्याचं लाडकं नाव, त्याची ती विशिष्ट शिवी, घरून आलेलं पत्र, शेवटचे शब्द. दुसऱ्यात जे तुमचं आहे ते: तुमची भीती, तुमचे हात, तुम्ही केलेलं आणि न केलेलं. दुसरा रकाना सगळा कादंबरीचा. पहिल्या रकान्यातली एकेक गोष्ट वापरण्याआधी त्या घराला विचारायला हवं, किंवा तिच्या जागी दुसरी रचायला हवी. विशेषतः शेवटचे शब्द. ते तुमच्या कानावर पडले असले तरी तुमच्या मालकीचे नाहीत.

आता काकूंकडे जाण्याबद्दल. मी सांगेन, जा. पुस्तक छापायला जाण्याआधी जा, आणि हस्तलिखित बरोबर नेऊ नका. ‘हे वाचा आणि सांगा’ असं म्हणून 300 पानं हातात ठेवणं म्हणजे पोराचा मृत्यू एकटीनं वाचायला लावणं आहे. समोर बसून बोला. साधारण असं काहीतरी: ‘काकू, मी पुस्तक लिहिलंय. त्यात तसली एक रात्र आहे. त्या रात्रीबद्दल मी तुम्हाला सांगितलं होतं ते पुरं नव्हतं. तुम्हाला ऐकायचं असेल तर सगळं सांगेन. नको असेल तर नाही सांगणार, आणि पुस्तकात तो दिसणार नाही असं बघेन.’ एवढं बोलण्यानंच अर्धं सांगून होतं, हे मला कळतं. त्यातून सुटका नाही. पण पुढचं किती ऐकायचं हे त्यांच्या हातात राहतं, आणि छापील पानानं ते त्यांच्या हातात ठेवलं नसतं.

बहिणीला आधी गाठून ‘आईला सांगू का’ असं विचारण्याचा मोह होईल. तो टाळा. तुम्ही 12 वर्षं जे वाहिलंत तेच तुम्ही तिच्या डोक्यावर द्याल, आणि तिला ते त्याच घरात राहून लपवावं लागेल. दोघी एकत्र असताना बोलावं, किंवा काकूंना विचारावं की तिलाही बसू दे का.

अमेरिकन लेखक कर्ट व्हॉनेगटच्या, जर्मनीतल्या ड्रेस्डेन शहरावरच्या कादंबरीचं (‘स्लॉटरहाउस-फाइव्ह’) पहिलं प्रकरण तुमच्या कामाचं आहे. फेब्रुवारी 1945 मध्ये त्या शहरावर बाँबवर्षाव झाला तेव्हा तो तिथं युद्धकैदी होता. पुढे पुस्तकासाठी आठवणी गोळा करायला तो एका जुन्या सोबत्याच्या घरी गेला, तर सोबत्याची बायको त्याच्यावर चिडली. तुम्ही तेव्हा निव्वळ पोरं होतात, तिचं म्हणणं, आणि आता पुस्तकात मर्द गडी असल्याचा आव आणाल. त्यानं तिला शब्द दिला की तसं करणार नाही, आणि 1969 मध्ये पुस्तक आलं ते तिला अर्पण होऊन. घरातल्या एका बाईच्या रागानं त्या कादंबरीला तिचा सूर मिळाला. तुम्ही काकूंकडे परवानगी मागायला जाताय असं समजू नका. त्यांच्याकडे त्या मुलाबद्दल असं काही असेल जे तुम्हाला ठाऊकच नाही.

त्या ‘छापू नकोस’ म्हणाल्या तर? मृत मुलाच्या खाजगी गोष्टींवर त्यांचा अधिकार आहे, तो मानावा. कादंबरीच्या प्रत्येक वाक्यावर नाही. मग रकाना पहिला पूर्ण बदला आणि थांबा. व्हॉनेगटला 1945 ते 1969, म्हणजे 24 वर्षं लागली. व्हिएतनामहून परतलेल्या कार्ल मार्लांटीसला त्याची कादंबरी हातावेगळी करायला 30 हून अधिक वर्षं लागली. थांबण्यात कमीपणा नाही. फक्त काकू जाण्याची वाट पाहत पुस्तक कपाटात ठेवू नका. त्या घरी पाऊल टाकताना तुम्ही काय मोजताय ते तुम्हालाच सहन होणार नाही.

काही किरकोळ पण आवश्यक गोष्टी. निवृत्त झाल्यावरही गोपनीयतेचं बंधन बहुतेक ठिकाणी सुटत नाही. तुमच्या सेवेचे लेखनाबद्दलचे नियम काय आहेत ते लेखी विचारून घ्या, प्रकाशकाला अंतिम मसुदा देण्याच्या आधी. गस्तीची पद्धत, संकेत, ठिकाणं यांतलं खरं काहीही कादंबरीला लागत नाही. टोपणनावाचा विचार तुम्ही केलाय. पहिल्या महायुद्धात लढलेल्या फ्रेडरिक मॅनिंगची कादंबरी 1930 मध्ये ‘प्रायव्हेट 19022’ या नावावर निघाली होती आणि तो त्याचा स्वतःचाच शिपाई-क्रमांक होता. ज्यांना ओळखायचं ते ओळखतातच, त्यामुळे काकूंच्या बाबतीत टोपणनाव तुम्हाला काही वाचवणार नाही. आणि मसुदा दोन माणसांना वाचायला द्या: एक लढलेला, एक अजिबात न लढलेला. पहिल्याला विचारा कुठं खोटं वाटलं. दुसऱ्याला विचारा कुठं वाचायचं थांबावंसं वाटलं.

तुमच्यासारखी आणखी काही पत्रं माझ्याकडे आहेत. कुणी परिचारिका आहेत, कुणी अग्निशमन दलातले. कुणाच्या तरी शेवटच्या तासाला जवळ असलेली आणि नंतर घरच्यांशी बरं बोललेली ही माणसं आता लिहू पाहताहेत. दोन रकान्यांची वही त्यांच्याही उपयोगी पडेल.

तुमचं झोपेबद्दलचं वाक्य मला बाजूला ठेवता येत नाही. जेम्स पेनेबेकर या मानसशास्त्रज्ञानं 1986 मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला: विद्यार्थ्यांना सलग 4 दिवस, रोज 15 मिनिटं, आयुष्यातल्या धक्क्याबद्दल लिहायला सांगितलं. त्यांतल्या ज्यांनी घटना आणि भावना दोन्ही लिहिल्या, त्यांचं पुढच्या काही महिन्यांत दवाखान्यात जाणं इतरांपेक्षा कमी राहिलं. पण लिहून उठल्या उठल्या त्यांना जास्त वाईट वाटत होतं, हेही त्यात नोंदलंय. शिवाय ते लिहिणं गोपनीय राहणार होतं. तुम्ही 6 वर्षं तेच दृश्य उकरताय, आणि तेही लोकांसमोर मांडायला. महिनाभर ते प्रकरण मिटवून ठेवा, वाट पाहण्याचे 3 दिवस लिहा. आणि जाग येणं दोन-तीन आठवड्यांत थांबलं नाही, किंवा दिवसाही ती रात्र समोर येऊ लागली, तर आघातावर काम करणाऱ्या डॉक्टरांकडे किंवा समुपदेशकाकडे जाच. गुडघा दुखला असता तर दाखवला असतात ना. एकट्यानं रेटू नका. काकूंकडे जाण्याच्या दिवशीही तुमच्या माहितीतलं एक माणूस बाहेर थांबलेलं असू दे.

आता तुमचं चौथं पान. त्या रात्रीची 2 पानं तुम्ही जखमेवर खर्च केलीत, तपशिलानं, डॉक्टरच्या अहवालासारखी. मध्येच एक ओळ आहे: ‘त्यानं वेळ विचारली. दीड वाजला होता. मी म्हटलं, चार.’ आणि लगेच तुम्ही पट्टीकडे वळलात. मी त्या ओळीपाशी थांबले ती पुढं जाईना. पहाट जवळ आहे असं त्याला वाटावं म्हणून तुम्ही अडीच तास खोटे सांगितलेत. मग त्याच्या आईला सांगितलंत की वेळ लागलाच नाही. तुमची कादंबरी मला या दोन वाक्यांच्या मधल्या वाटेवर दिसते, जखमेत नाही. तुम्हाला रोज नेमकी दीडला जाग येते, हे तुमच्या लक्षात आलं असेल की नाही, कोण जाणे.

पुढे त्याच पानावर तुम्ही लिहिलंय, ‘त्यानं वेळ आणखी दोनदा विचारली.’ त्या दोन्ही वेळा घड्याळात काय वाजलं होतं आणि तुम्ही काय सांगितलंत, ते पानांवर कुठंच नाही. तेवढं मला लिहून पाठवाल का?